परदेशात आपलं डेबिट कार्ड: कणगी, डबा आणि न येणारा ओटीपी

जुलै उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत बॅगा भरायला सुरुवात होते. कुणाची मुलगी डब्लिनला निघालेली असते, कुणाचा मुलगा जर्मनीला. कांदा-लसूण चटणीची पाकिटं तीन-तीन पिशव्यांत गुंडाळली जातात, वजनकाट्यावर बॅग चढते-उतरते, आणि सगळं उरकलं की एका संध्याकाळी आई-वडील मुलाला घेऊन माझ्याकडे येतात. मी एकतीस वर्षं बँकेत होतो, म्हणून. प्रश्न दरवर्षी तोच असतो. "काका, ह्याचं इथलं कार्ड तिकडं वापरलं तर चालेल न्हवं? पैसे सुरक्षित राहतील?"

पूर्वी मी "चालतंय की, काळजी करू नका" म्हणायचो आणि चहा पाजून पाठवायचो. गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या खात्यातून एका रात्रीत एक्केचाळीस हजार रुपये गेले. ती जर्मनीत होती, कार्ड तिच्या पर्समध्ये होतं आणि खरेदी झाली अमेरिकेतल्या कुठल्याशा वेबसाइटवर. तेव्हापासून मी येणाऱ्यांना अर्धा तास बसवून घेतो. त्या अर्ध्या तासात जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय.

कार्डात पैसे नसतात

इथून सुरुवात करावी लागते, कारण शिकलेली माणसंसुद्धा कार्डाला पाकीट समजतात. कार्ड ही किल्ली आहे. म्युनिकच्या दुकानात तुम्ही कार्ड टेकवलं की दुकानातलं यंत्र त्या दुकानाच्या बँकेला विचारतं, ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या इथल्या बँकेला विचारते, "अमुक खात्यातून इतके घेऊ का?" तुमची बँक खात्यातली शिल्लक, मर्यादा आणि ओळख तपासून हो किंवा नाही म्हणते. दोन-चार सेकंदांत हा सगळा सवाल-जवाब उरकतो.

डेबिट कार्डाची किल्ली थेट तुमच्या बचत खात्याला लागते. आपल्याकडे जुन्या घरांत धान्याची कणगी माजघरात असायची आणि रोजच्या स्वयंपाकाचं धान्य चुलीजवळच्या डब्यात. डबा सांडला तर त्या दिवसाचा घोळ. कणगीला उंदीर लागला तर वर्षाचा. परदेशी जाणाऱ्या बहुतेक मुलांच्या खिशात कणगीची किल्ली असते. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता त्याच खात्यात जमा झालेला, आजोबांनी दिलेले पैसे त्यातच, आणि तेच कार्ड बसच्या तिकिटापासून पिझ्झ्यापर्यंत सगळीकडे चालतंय.

क्रेडिट कार्डाचं वेगळं असतं. तिथं चोरानं खरेदी केली तर आधी बँकेचे पैसे जातात, बिल भरायच्या आत तुम्हाला तक्रार करायला वेळ मिळतो. डेबिट कार्डात पैसे तुमचे जातात आणि परत मिळेपर्यंत खोलीचं भाडं थकतं. कायद्यानं संरक्षण दोन्हीला आहे, पण वाट बघण्याचा ताण डेबिटवाल्याच्या वाट्याला येतो.

काळी पट्टी आणि सोनेरी चिप

कार्डाच्या मागे काळी चुंबकीय पट्टी असते आणि पुढे सोनेरी चिप. पट्टीवरची माहिती कायम तीच राहते. रबरी शिक्क्यासारखं समजा. शिक्का एकदा कुणाच्या हाती लागला की हुबेहूब दुसरा बनवता येतो. एटीएमच्या फटीत चोर जे छोटं वाचनयंत्र बसवतात, त्याला स्किमर म्हणतात. ते हाच शिक्का उतरवून घेतं आणि वर लपवलेला कॅमेरा तुमचा पिन टिपतो.

चिपचं काम साखर कारखान्याच्या वजनकाट्यासारखं आहे. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की त्या ट्रॉलीची, त्या वेळेची, त्या वजनाची पावती निघते. कालची पावती आज दुसऱ्या ट्रॉलीला चालत नाही. चिपसुद्धा प्रत्येक व्यवहाराला नवा गुप्त संकेत तयार करते आणि तो त्या एका व्यवहारापुरताच चालतो. म्हणून चिपवाल्या कार्डाची नक्कल करून पैसे काढणं फार अवघड आहे. रिझर्व्ह बँकेनं जुनी नुसत्या पट्टीची कार्डं बदलायला बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत दिली होती, त्यामागे हेच कारण.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो सायबर दरोडा पडला तो कोल्हापूरकरांनी विसरू नये. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. नक्कल केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, भारतातही काढले गेले आणि त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएम होती. तिथं हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून स्वतःची खोटी परवानगी-यंत्रणा उभी केली होती. वजनकाट्यावरचा माणूसच बदलला तर कुठलीही पावती खरी ठरते, तसं झालं. खातेदारांचे पैसे सुरक्षित आहेत असं बँकेनं तेव्हा सांगितलं, तोटा बँकेच्या अंगावर पडला. त्याआधी २०१६ मध्ये देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचा संशय आला होता. त्यातल्या काही कार्डांवर चीन आणि अमेरिकेत पैसे काढले गेले, आणि कार्डधारक त्या वेळी भारतात होते.

हे मी घाबरवायला सांगत नाही. "परदेशात गेलं की धोका सुरू होतो" ही समजूत चुकीची आहे हे त्यातून दिसतं. कार्डाचा नंबर फुटायला माणसाला कोल्हापूर सोडावं लागत नाही.

ओटीपी सीमेवर थांबतो

पुतणीच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, सकाळी पहिला प्रश्न विचारला तो हाच. "अरे, पण ओटीपी आलाच नाही की! ओटीपीशिवाय पैसे जातात कसे?"

जातात. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला कार्डाचा नंबर पुरत नाही, वर ओटीपी लागतो, कारण रिझर्व्ह बँकेनं २००९ पासून ही दुसरी खूण सक्तीची केली. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की ओटीपी हा कार्डाचाच भाग वाटतो. पण तो नियम भारतातल्या व्यवहारांचा. बाहेरच्या वेबसाइटवर आपली रिझर्व्ह बँक हुकूम चालवू शकत नाही. अमेरिकेतल्या अनेक साइट कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे घेतात. युरोपात २०१९ पासून ऑनलाइन व्यवहाराला दुहेरी ओळख सक्तीची झाली, पण युरोपबाहेरच्या बँकेच्या कार्डाला ती सक्ती लागू होत नाही. म्हणजे जर्मन वेबसाइट जर्मन कार्डाला अडवून विचारेल आणि आपल्या कोल्हापूरच्या कार्डाला कदाचित तशीच आत सोडेल.

आणखी एक फरक आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानदार वेबसाइटना तुमचा कार्ड नंबर स्वतःकडे साठवायला बंदी आहे. त्याऐवजी एक बदली नंबर साठवला जातो, तो दुसरीकडे निरुपयोगी असतो. परदेशी साइटला हा नियम लागू नाही. तुम्ही तिथं 'कार्ड लक्षात ठेव' वर टिचकी मारली की तुमचा खरा नंबर त्यांच्या कोठारात जाऊन बसतो. ते कोठार फुटलं की नंबर बाजारात.

पुतणीचा नंबर नेमका कुठून फुटला हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं चार महिन्यांत नऊ-दहा परदेशी साइटवर ते कार्ड दिलं होतं. बसची तिकिटं, वसतिगृहाचं आरक्षण, जुनी पुस्तकं विकणारं एक दुकान. एकाही ठिकाणी ओटीपी आला नव्हता आणि तिला त्यात सोय वाटली होती.

"आता नियम बदललाय ना?"

पेपर वाचणारे लगेच हे विचारतात. थोडा बदललाय. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ओळख पटवण्याच्या पद्धतींचे नवे निर्देश काढले. त्यात परदेशी साइटवरच्या ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठीही बँकांनी व्यवस्था उभी करायची आहे, मुदत १ ऑक्टोबर २०२६. पण शब्द नीट वाचा. परदेशी दुकानदारानं किंवा त्याच्या बँकेनं दुसरी खूण मागितली, तर आपल्या बँकेला ती तपासता आली पाहिजे, असा तो नियम आहे. दुकानदारानं मागितलीच नाही, तर? त्यासाठी बँकांनी संशयास्पद व्यवहार हेरण्याची स्वतःची पद्धत ठेवायची आहे. दार अजून थोडं किलकिलं राहणार.

मोटरचं बटण

मग उपाय काय? तो तुमच्या मोबाइलमध्येच आहे आणि माझ्या अनुभवात दहातल्या आठ जणांनी तो उघडून बघितलेला नसतो.

१५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की नवं कार्ड देताना ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालेल असंच द्यायचं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टेकवून पैसे देणं, हे तिन्ही ग्राहकानं स्वतः चालू करायचं. ते कधीही बंद करता यावं, प्रत्येकाला मर्यादा घालता यावी, आणि ही सोय चोवीस तास मिळावी. ऑक्टोबर २०२० पासून हे अमलात आहे.

होतं काय, निघायच्या आदल्या दिवशी मुलगा ॲप उघडतो, सगळी बटणं चालू करतो, सगळ्या मर्यादा शेवटपर्यंत सरकवतो आणि दोन वर्षं तिकडे फिरकत नाही. शेतातली मोटर कुणी अशी चालू ठेवतं का? पाणी पाजून झालं की बंद करतो. तसंच इथं. 'परदेशात ऑनलाइन' हे बटण एरवी बंद ठेवायचं. तिकीट काढायचं असेल तेव्हा चालू करायचं, पैसे भरले की बंद. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानातल्या यंत्राचं बटण चालू राहिलं तरी हरकत नाही, तिथं चिप आहे. एटीएमची मर्यादा आठवड्याच्या खर्चाइतकी. पुतणीचं हे एक बटण बंद असतं, तर नंबर फुटूनही चोराच्या हाती काही लागलं नसतं.

टेकवून पैसे देण्याबद्दल लोक उगीच घाबरतात, गर्दीत कुणी यंत्र लावून पैसे ओढेल म्हणून. तिथंही प्रत्येक व्यवहाराचा संकेत नवा असतो. खरा धोका कार्ड हरवण्याचा. आपल्याकडे पिनशिवाय टेकवायची मर्यादा ५,००० रुपये आहे, ब्रिटनमध्ये २०२१ साली ती १०० पौंडांवर नेली. हरवलेलं कार्ड सापडलेला माणूस तेवढ्याची खरेदी पिन न टाकता करू शकतो. त्यामुळे या बटणालाही छोटी मर्यादा घालून ठेवावी.

मध्यरात्रीचा एसएमएस कोल्हापुरात

आता त्या रात्रीकडे येतो. पुतणीचं खातं बारावीत असताना काढलेलं, नोंदवलेला मोबाइल नंबर वडिलांचा. शनिवारी पहाटे तीनच्या सुमाराला भावाच्या फोनवर तीन एसएमएस आले. फोन उशाशी, माणूस झोपेत. जर्मनीत तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पोरगी जागी होती, अभ्यास करत होती. जिला कळायला हवं होतं ती जागी, आणि ज्याला कळलं तो झोपलेला. भावानं सात वाजता फोन हातात घेतला. मधल्या चार तासांत आणखी व्यवहार झाले नाहीत हे नशीब.

म्हणून नंबर मुलाचा स्वतःचा हवा आणि तो त्याच्या फोनमध्ये चालू हवा. एका फोनमध्ये दोन सिम बसतात. भारतीय सिम राहू द्यायचं, रोमिंग सुरू ठेवायचं, नेट तिथल्या सिमवरचं वापरायचं. येणारा एसएमएस बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतो. ईमेलवरही सूचना मागून घ्याव्यात, ईमेलला देश नसतो. भारतीय सिम काढून ठेवलं तर दुसरी अडचण अशी की अनेक बँकांचं ॲप त्या सिमला बांधलेलं असतं. सिम निघालं की ॲप रुसतं, आणि मघाशी सांगितलेली बटणं तुम्ही बंदही करू शकत नाही.

रिचार्ज विसरू नका. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरात नसेल तर बंद पडू शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या खात्याचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. घरच्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रिचार्जच्या तारखेला गोल करून ठेवावा.

पैसे गेलेच तर: तीन दिवसांचा हिशेब

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सगळ्यांत कमी लोकांना माहीत आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच डिसेंबरमध्ये निघालं, हे कोल्हापुरात मुद्दाम सांगायला हवं, कारण आपली बरीच खाती सहकारी बँकांत.

चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य, त्यानं तक्रार केली असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधेच तिसरीकडे कुठे तरी माहिती फुटली असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या अंगावर, शून्य शिलकीच्या मूलभूत खात्यावर ५,०००. सात दिवसांनंतर त्या बँकेचं जे धोरण असेल ते. आणि पिन सांगितला, ओटीपी दिला असा निष्काळजीपणा ग्राहकाचा असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

दिवस मोजायचे कसे, हे त्यातच लिहिलंय. सूचना मिळाली तो दिवस धरायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस ग्राहकाच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकानं मोजायचे. शाखा कोल्हापूरची असेल तर सुट्ट्या कोल्हापूरच्या. पुतणीच्या खात्याचा एसएमएस शनिवारी आला. तो दिवस सोडला, रविवार सुट्टी, सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. बुधवारपर्यंत मुदत होती. तरी आम्ही शनिवारीच कळवलं, कारण कळवेपर्यंत दार उघडं असतं.

कळवणं म्हणजे काय, तेही सांगतो. आधी कार्ड बंद करायचं. बँकेत याला हॉटलिस्ट करणं म्हणतात, फोनवर हा शब्द वापरला की समोरचा माणूस लगेच ताळ्यावर येतो. मग तक्रार क्रमांक घ्यायचा आणि तो मिळाल्याची वेळ लिहून ठेवायची. आम्हाला फोनवरच्या मुलीनं आधी सांगितलं, "खातेदारानं शाखेत येऊन लेखी द्यावं." खातेदार सात हजार किलोमीटरवर! मी परिपत्रकाची तारीख सांगितली, तक्रार चोवीस तास आणि वेगवेगळ्या मार्गांनी घेणं बँकेला बंधनकारक आहे हे सांगितलं, तेव्हा क्रमांक मिळाला. त्याच दिवशी पुतणीनं स्वतःच्या ईमेलवरून तेच पुन्हा लिहून पाठवलं आणि त्या रात्री ती जर्मनीतच होती याचा पुरावा म्हणून संध्याकाळच्या किराणा खरेदीची पावती जोडली.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असतं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते. पुतणीचे पैसे नवव्या दिवशी आले. पण ते नऊ दिवस तिनं मैत्रिणीकडून उसने घेऊन काढले. घरी आईला काही कळू दिलं नव्हतं. कायदा आपल्या बाजूनं असूनही हे असं होतं, म्हणून मी कणगीचा हट्ट धरतो.

बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, परदेशातूनही. फी लागत नाही, वकील लागत नाही.

"पण पिन तर घरच्यांनाच दिलाय"

हे आपल्याकडे सर्रास चालतं. मुलगा परदेशी जातो, एक कार्ड वडिलांकडे ठेवतो, पिन सांगतो. वडील दर महिन्याला एटीएममधून पैसे काढून विम्याचा हप्ता भरतात. प्रेमाचा व्यवहार आहे, मला कळतं. पण बँकेच्या लेखी पिन दुसऱ्याला सांगणं हा निष्काळजीपणाच, तो दुसरा जन्मदाता असला तरी. उद्या त्या खात्यात खरोखर चोरी झाली तर बँकेच्या हाती आयतं कारण मिळतं. त्यापेक्षा वडिलांना दरमहा आपोआप पैसे जातील अशी सोय करावी, किंवा शाखेत जाऊन त्यांना खातं चालवण्याचा लेखी अधिकार द्यावा.

"मग इथलं कार्ड नेऊच नको का?"

न्या. पण कणगीची किल्ली नेऊ नका. दुसरं छोटं खातं उघडा, कार्ड त्याचं न्या, त्यात महिन्याभराचे पैसे ठेवा आणि संपले की मोठ्या खात्यातून नेटबँकिंगनं वळवा. मोठ्या खात्याच्या कार्डाचा परदेशी वापर पूर्ण बंद. गंमत म्हणजे जर्मन सरकार शिकायला येणाऱ्या मुलांकडून नेमकं हेच करून घेतं. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो तिथल्या चालू खात्यात सुटतात. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, यात नवीन ते काय!

फॉरेक्स कार्ड हाही एक डबाच. त्यात निघण्याआधी परकी चलनं भरून ठेवतात, त्याचा बचत खात्याशी संबंध नसतो, चोरी झाली तर भरलेल्या रकमेपुरतीच. पहिल्या दोन-तीन महिन्यांना उत्तम. साधं रुपे कार्ड सगळीकडे चालत नाही. परदेशात चालणारा प्रकार वेगळा असतो आणि तो डिस्कव्हर, जेसीबी वगैरे जाळ्यांवर चालतो. कोणता आपल्याकडे आहे ते शाखेत विचारून घ्यावं. हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीला डेबिट कार्ड देऊ नये, ते अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवतात आणि सुटायला दिवस लागतात.

खर्चाचंही एक सांगून टाकतो, सुरक्षेचा भाग नसला तरी. परदेशी व्यवहारावर बँका सहसा साडेतीन टक्क्यांपर्यंत वरचा आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. दहा हजारांच्या खरेदीला ३५० अधिक ६३, म्हणजे ४१३ रुपये वर. यंत्रानं 'रुपयांत घेऊ की युरोत?' असं विचारलं तर युरो निवडा. रुपये आपले वाटतात म्हणून माणूस भुलतो, पण तो दर दुकानाच्या बाजूचा असतो आणि महाग पडतो.

तिथलंच कार्ड काढलं तर?

मुक्काम सहा महिन्यांहून लांबणार असेल तर काढाच. रोजचा खर्च तिथल्या खात्यातून करावा आणि इथलं कार्ड अडीअडचणीला कपाटात ठेवावं. जर्मनीत तर अनेक छोट्या दुकानांत तिथलं गिरोकार्ड (जर्मन बँकांचं स्वतःचं डेबिट कार्ड) किंवा रोकड एवढंच चालतं.

संरक्षणही चांगलं आहे. ब्रिटनमध्ये कार्ड चोरीला जाऊन गैरवापर झाला तर ग्राहकाच्या अंगावर जास्तीत जास्त ३५ पौंड, युरोपीय संघात ५० युरो. निष्काळजीपणा असेल तर अर्थात वेगळं. अमेरिकेत घड्याळ बघावं लागतं. हरवलेल्या डेबिट कार्डाबद्दल दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ५० डॉलर, त्यानंतर ५०० डॉलरपर्यंत, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून साठ दिवस उलटून गेले तर पुढच्या नुकसानीला मर्यादाच नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांना मी म्हणतो, दर रविवारी जेवण झालं की स्टेटमेंट वाचा.

एक कागद राहिलेला असतो

परदेशी नोकरीला किंवा शिकायला गेलेला माणूस परकीय चलन कायद्यानं अनिवासी ठरतो आणि त्याचं साधं बचत खातं एनआरओ प्रकारात बदलून घ्यावं लागतं. एनआरओ म्हणजे अनिवासी माणसाचं भारतातलं रुपयांचं खातं. बहुतेक विद्यार्थी हे करतच नाहीत. मग कधी तरी केवायसीच्या वेळी बँकेच्या लक्षात येतं, खातं थांबतं आणि कार्ड ऐन परीक्षेच्या आठवड्यात बंद पडतं. एनआरओच्या कार्डाला परदेशी वापरावर बंधनं असू शकतात, म्हणून निघण्याआधीच शाखेत बसून कोणतं खातं कशासाठी ठेवायचं ते ठरवून घ्यावं. लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही ही सबब पुरेशी नाही.

आणि बँकेचा फोन नंबर. कार्डाच्या मागे जो १८०० ने सुरू होणारा फुकटचा नंबर छापलेला असतो तो परदेशातून बऱ्याचदा लागतच नाही. परदेशी ग्राहकांसाठी वेगळा नंबर असतो, अधिक ९१ ने सुरू होणारा. तो फोनमध्ये ठेवा, कागदावर लिहून पर्सच्या बाहेर दुसरीकडे ठेवा, आणि एक प्रत इथं आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या नंबरला एकदा फोन लावून बघा. लागला नाही तर त्याच दिवशी शाखेला मेल करून चालणारा नंबर मागून घ्या.